इराकमध्ये माझी माणसं आहेत

२००३च्या युद्धाआधी अमेरिकेतल्या डॉमिनिकन पंथाच्या धर्मभगिनी एक बिल्ला लावून फिरत असत. त्यावर एवढंच लिहिलेलं असे: 'इराकमध्ये माझी घरची माणसं आहेत.' ही नुसती घोषणा नव्हती. मोसुल शहरात डॉमिनिकन साधू १७५० साली आले आणि त्याच पंथाच्या इराकी भगिनीही तिथं राहत होत्या. १९९० साली इराकवर आर्थिक निर्बंध आले. त्याचे हाल पाहायला १९९९ पासून अमेरिकन डॉमिनिकनांची पथकं तिकडं जाऊ लागली. एकदा कुणाच्या घरी जेवलं, की त्या घरावर बॉम्ब टाका असं म्हणणं अवघड जातं.

तसं पाहिलं तर इराकशी आपलंही नातं आहेच. करबला इराकमध्येच, आणि मोहरमच्या ताबुताला खांदा द्यायला आपल्याकडं कितीतरी गावांत हिंदू माणसं पुढं असतात. बगदाद म्हटलं की आम्हाला आधी आठवतात ते गौसपाक. सद्दाम हुसेन नंतर.

पण या भगिनींपैकी तिघींनी बिल्ल्याच्या पुढं पाऊल टाकलं. आर्डेथ प्लाट, कॅरोल गिल्बर्ट आणि जॅकी हडसन. दोघी साठी ओलांडलेल्या, तिसरी पन्नाशीतली. तारीख ६ ऑक्टोबर २००२, वार रविवार. इराकमध्ये शस्त्रतपासनीस पुन्हा धाडायचे की नाही, यावर तेव्हा जगभर खल चालला होता. त्याच आठवड्यात अमेरिकेच्या संसदेनं अध्यक्ष बुश यांना युद्धाची मुभा दिली. या तिघी पहाटे कोलोरॅडो राज्यातल्या एका क्षेपणास्त्राच्या विहिरीपाशी गेल्या. विहीरच म्हणायची, जमिनीत खोल, वर काँक्रीटचं जाडजूड झाकण आणि आत अण्वस्त्रासह 'मिनिटमन' क्षेपणास्त्र. अंगात पांढरे झगे, त्यावर 'नागरिकांचं शस्त्रतपासणी पथक' अशी अक्षरं. महासंहारक शस्त्रं शोधायचीत ना? ही घ्या, सापडली! त्यांनी कुंपण कापलं, झाकणावर हातोडीचे ठोके मारले, स्वतःच्या रक्तानं क्रूस काढले आणि पकडायला येणाऱ्यांची वाट पाहत प्रार्थना म्हणत राहिल्या.

हातोडीची ही रीत अमेरिकेतल्या कॅथलिक शांतिवाद्यांनी १९८० साली सुरू केली होती. पोप जॉन पॉल दुसरे हेही युद्धाच्या विरोधात होते. मार्च २००३ मध्ये त्यांनी आपला कार्डिनल बुश यांच्याकडं धाडला. उपयोग झाला नाही.

खटला उभा राहिला तेव्हा बगदादवर बॉम्ब पडत होते. राष्ट्रीय संरक्षणात अडथळा आणल्याचा आरोप शाबीत झाला आणि जुलैमध्ये शिक्षा सुनावली गेली. हडसन ३० महिने, गिल्बर्ट ३३, प्लाट ४१. २००४च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्याच तपास पथकानं अहवाल दिला, की इराकमध्ये अशा शस्त्रांचे साठे नव्हतेच. तेव्हा या तिघी तुरुंगात होत्या.

डॉमिनिकन हे नाव इतिहासात मुसलमानांना आणि यहुद्यांना गोड लागण्यासारखं नाही. स्पेनमधल्या धर्मन्यायालयाचा तोर्केमादा याच पंथातला. त्याच पंथातल्या बायका पाचशे वर्षांनी एका मुसलमानबहुल देशासाठी कोठडीत गेल्या, हेही इतिहासाच्या वहीत तितक्याच ठळक शाईनं लिहायला हवं.

युद्धानं इराकी भगिनींनाही सोडलं नाही. त्या मोडतोडीतून वर आलेल्या 'आयसिस'नं ऑगस्ट २०१४ मध्ये काराकोश घेतलं आणि त्यांना हजारो गावकऱ्यांबरोबर रातोरात एर्बिलकडं निघावं लागलं. ज्या घरच्यांसाठी तिकडं बिल्ले लावले होते, ती हीच माणसं.

जॅकी हडसन २०११ साली वारल्या. आर्डेथ प्लाट सुटल्यावर पुन्हा कामाला लागल्या. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रबंदीचा करार झाला, त्याच्या प्रती वाटत हिंडल्या आणि २०२०च्या सप्टेंबरमध्ये चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेल्या. महिन्याच्या आत, २४ ऑक्टोबरला, करार लागू व्हायला हवी असलेली पन्नासाव्या देशाची मंजुरी आली. अमेरिकेनं त्यावर सही केलेली नाही. कोलोरॅडोच्या शेतांमधल्या विहिरींत 'मिनिटमन' अजून आहेत.