गोणी, आडनाव आणि हजेरीपट

वाशीच्या बाजार समितीत ५० किलोंहून जड गोण्या उचलायला लावू नका, ही माथाडी कामगारांची जुनी मागणी आहे. जात, अपंगत्व आणि काम यांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी आधी त्या गोणीकडे बघायला सांगेन. उमेदवार अपंगत्व घेऊनच मुलाखतीला येतो, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ते कामावर असतानाच जडते. आणि ज्या कामांत कंबर, बोटे, फुप्फुसे जातात, ती कोणाच्या वाट्याला यावीत हे आपल्याकडे फार वेळा जातीने ठरलेले असते.

परदेशी ग्रंथांत वंशाला जे स्थान आहे, ते इथे आधी जातीला द्यावे लागते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना तिथे मज्जाव. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे, वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून पाहिले. दलित नावांना बोलावणी कमी आली. विटाळाची भाषा गेली होती, चाळणी तीच होती.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या. सेवेत असताना अपंगत्व आले तर नोकरीवरून काढता येत नाही, अशी हमीही दिली. पण ती सरकारी आस्थापनांपुरती. काम महापालिकेच्या रस्त्यावर आणि नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर, अशा सफाई कामगाराने हात गमावला तर ती हमी त्याच्यापर्यंत पोचायची कशी?

शिवाय कायदा तक्रारीचे कारण सुटेसुटे विचारतो: जात की अपंगत्व, वंश की लिंग. १९७६ मध्ये जनरल मोटर्सविरुद्ध गेलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना अमेरिकी न्यायालयाने वंश आणि लिंग यांची सरमिसळ करू दिली नाही. त्यावर अमेरिकी कायदेतज्ज्ञ किम्बर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये केलेली, असे भेदभाव एकत्रच पाहावे लागतात ही मांडणी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका अंध दलित स्त्रीच्या खटल्यात विचारात घेतली. तो खटला लैंगिक अत्याचाराचा होता, नोकरीचा नव्हे.

आपले जातीचे अभ्यासक आणि अपंगत्वाचे अभ्यासक एकमेकांचे फारसे वाचत नाहीत, असे माझे मत आहे. नव्या अभ्यासकाने तुर्भे-महापेच्या कारखान्यांतल्या अपघात नोंदवह्यांपासून सुरुवात करावी. ऐरोलीच्या आयटी पार्कात रॅम्प आहे का, हे जरूर पाहावे. तो रोज झाडणारी बाई कोणाकडून पगार घेते, तेही विचारावे.