विमानाच्या पत्र्याची कीड

लोखंडाचा तांबूस गंज सर्वांच्या परिचयाचा आहे; पण विमानाच्या चकचकीत पत्र्यासही कीड लागते, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १९०६ सालीं जर्मनींत आल्फ्रेड विल्म यांना आढळलें, कीं अल्युमिनिअमांत थोडें तांबें व मॅग्नेशियम मिसळून, तें तापवून एकदम थंड केलें, म्हणजे तें मिश्रण कांहीं दिवसांत आपोआप कठीण होतें. हेंच ‘ड्युरॅल्युमिन’. परंतु ज्या तांब्यानें बळ दिलें, त्यानेंच दौर्बल्यही आणलें. खाऱ्या हवेंत हा पत्रा धातुकणांच्या सांध्यांतून पोखरला जातो. वरून मात्र धड दिसतो!

१९२३ सालीं इंग्लंडांत बेंगॉ व स्टुअर्ट यांनीं क्रोमिक आम्लांत विजेच्या साह्यानें त्यावर संरक्षक थर चढविला. पुढें १९२७ च्या सुमारास अमेरिकेंत पत्र्याच्या दोन्ही अंगांस शुद्ध अल्युमिनिअमचें पातळ कवच बसविण्यांत आलें. हें कवच स्वतः झिजतें आणि आंतला पत्रा राखतें.

१९४६ पासून ‘सेस्ना १४०’ सारखीं धातूच्या धडाचीं छोटीं विमानें खासगी मालकांच्या हातीं आलीं. त्यांतलीं कित्येक आजही उडतात. पण ओरखडे व उघड्या कडा यांपाशींही आंतला पत्रा राखतां राखतां हें कवच झिजत जातें. म्हणून समुद्राकांठच्या मालकानें विमान गोड्या पाण्यानें धुवावें, तळाचीं छिद्रें मोकळीं ठेवावींत, आणि आंत उजेड धरून सांधे पाहावेत. वरच्या चकाकीवर विसंबणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.