धुरावरचं मांस : नागा चुलीपासून पेलेट स्मोकरपर्यंत

रायपूरहून बोलतोय. या मालिकेत आपण बहुतेक वेळा किल्ले, मोहिमा, रसद आणि तोफा यांवर बोलतो. आजचा विषय मांसाचा आहे, म्हणून शाकाहारी मंडळींनी पुढच्या भागाकडे गेलात तरी राग नाही. पण थांबलात तर बरं वाटेल, कारण हाही इतिहासच आहे, आणि त्यात माझी एक चूक आहे.

१९८६ साल. मी कॅप्टन होतो, पोस्टिंग नागालँडमध्ये. पावसाळ्यात एके सकाळी बराकीची तपासणी करताना एका नागा जवानाच्या ट्रंकेत पानात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं. काळंकुट्ट, लाकडासारखं कडक, धुराचा उग्र वास. विचारलं तेव्हा म्हणाला, "साहब, घर का सूअर है. माँ ने भेजा है." तो नुकताच रजेवरून परतला होता. माझ्या डोक्यात स्वच्छतेचे नियम. सडलेलं समजून मी ते खड्ड्यात पुरायला लावलं. तो "जी साहब" म्हणाला आणि फावडं घेऊन स्वतःच गेला. पुढे काही महिन्यांनी एका गावात मला जेवायला बसवलं, भातावर तेच काळं मांस बांबूच्या कोंबाबरोबर शिजवून वाढलं. पहिल्या घासालाच कळलं की आपण काय पुरलं होतं.

आता मुद्दा असा की ते सडलं का नव्हतं? नागा टेकड्यांत पाऊस इतका आणि हवा इतकी दमट की उन्हात वाळवणं जमत नाही. म्हणून घरातल्या चुलीच्या वर बांबूच्या माच्या टांगतात आणि मांस आठवडेच्या आठवडे तिथं राहतं. उष्णतेनं पाणी निघून जातं आणि धुरातली फिनॉल, आल्डिहाइड अशी द्रव्यं वरच्या थरात मुरून जंतूंना आणि चरबीच्या खवटपणाला रोखतात. स्वयंपाक रोज होतोच, त्यामुळे मांस टिकवायला वेगळं सरपण लागत नाही. रसद सांभाळलेल्या माणसानं या व्यवस्थेला सलाम करावा. मी तिला खड्डा दाखवला.

हे फक्त ईशान्येचं आहे असं समजू नका. रायपूरहून धमतरी, कांकेर करत बस्तरात उतरलात की आठवडी बाजारात सुक्सी, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, ढिगानं दिसते. जंगलातल्या घरांतही चुलीवरची जागा ही कोठाराचीच जागा. आपल्या कोकणात आगोटीला सुकट, सोडे, बोंबील भरून ठेवतात. गोव्यात त्याच पावसाळी बेगमीला पुरुमेंत म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो'वरून आला. गोव्याची शोरीस म्हणजे डुकराचं मांस, मीठ, लसूण, मिरची आणि व्हिनेगर, आतड्यात भरून माळेसारखं बांधलेलं. ती उन्हात वाळवतात आणि धुरीही देतात. सॉसेजची पद्धत पोर्तुगिजांची, मिरची त्यांनीच अमेरिकेतून आणलेली, आणि पावसाळा आपला.

ग्रंथातला पुरावा हवा असेल तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' पाहा. बाराव्या शतकातला, साधारण ११२९च्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका ओव्या गातात असा उल्लेख आहे, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो. पण त्याच्या अन्नभोग प्रकरणात डुकराचे केस गवताच्या जाळावर कसे काढायचे, मांस सळईला टोचून निखाऱ्यावर कसं भाजायचं, हेही लिहिलंय. ओव्यांचं अवतरण आपण घेतो, डुक्कर सोडून देतो. असो. अर्थात ते भाजणं आहे, टिकवणं नव्हे. राजाच्या मुदपाकखान्याला पावसाळ्याची काळजी नसते.

आमच्याकडे म्हणाल, तर मराठी माणूस या भागात आला तो भोसल्यांबरोबर. १७४१मध्ये भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या वाटेवर रतनपूर घेऊन गेले, १७५८पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार बघू लागले. त्यांच्यामागून आलेल्या घरांनी वऱ्हाडातले रोडगे आणले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, वर तूप. आजीच्या हाताची, निखाऱ्यावर तूप सोडून धुंगारलेली कढी मला अजून आठवते. म्हणजे धुराची चव आमच्या घरात होती. पण ती घासापुरती. महिनाभर टिकणारा धूर आम्हाला माहीत नव्हता, म्हणूनच तो मला ओळखता आला नाही.

आता समुद्रापार जाऊ. कॅरिबियन बेटांवरचे ताईनो लोक लाकडाच्या मांडवावर मंद आचेत मांस ठेवत. त्या मांडवाचा शब्द स्पॅनिश लोकांनी 'बार्बाकोआ' असा लिहून घेतला. सतराव्या शतकात हिस्पॅनिओला बेटावर फ्रेंच शिकारी रानडुकरं 'बुकां' नावाच्या तशाच मांडवावर धुरवून जहाजांना विकत. त्यांना 'बुकानिए' म्हणत. पुढे हेच लोक जहाजं लुटू लागले आणि इंग्रजीत चाच्यांना 'बकनीअर' नाव पडलं! म्हणजे शब्दाच्या मुळाशी तलवार नाही, मांस धुरवायची माची आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत हे काम गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या हाती आलं. खड्डा खणायचा, लाकडाचे निखारे करायचे, रात्रभर जागून जनावर शिजवायचं. जेवायला बसणारे वेगळे, जागणारे वेगळे. टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक खाटिकांनी दुकानात न खपलेलं मांस धुरवून विकायला सुरुवात केली; कापूस वेचणारे मजूर ते कागदावर घेऊन उभ्यानं खात. लॉकहार्ट गावातलं १९००मध्ये सुरू झालेलं क्रॉइत्झ मार्केट त्याच परंपरेतलं. बर्फ आणि फ्रिज आल्यावर टिकवण्याची गरज संपली होती. धूर उरला तो चवीपुरता. पण रात्रभर जागणारा माणूस अजून लागत होताच.

त्याची सुट्टी केली ती पेलेट यंत्रानं. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत लाकूडगिरण्यांचा भुसा दाबून जळणाच्या गोळ्या करण्याला जोर आला. ओरेगन राज्यातल्या माउंट एंजेल गावी घरं गरम करण्याच्या भट्ट्या विकणारे जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर तेच तंत्र शेगडीला लावलं आणि १९८६मध्ये पेटंट घेतलं. चार जुलैला कोंबडी भाजताना त्यांची गॅसची शेगडी भडकली आणि त्यातून कल्पना सुचली, असं कंपनीची कथा सांगते. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्याही उतरल्या.

यंत्र साधं आहे. एका बाजूला गोळ्यांची पेटी. तिच्या तळाशी मळसूत्री दांडा, आपल्या पिठाच्या गिरणीत असतो तसा. तो मोटरवर फिरून गोळ्या छोट्या अग्निपात्रात ढकलतो. तिथं एक विजेची कांडी त्या पेटवते, पंखा हवा देतो, आणि तापमान मोजून यंत्र स्वतःच ठरवतं की दांडा किती फिरवायचा. माझा मुलगा टेक्सासला असतो. त्याच्याकडे पाहिलं आणि रायपूरला एक आणवलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं मेसचं खाल्लंत, आता हे काय?" त्यांना बराकीची गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती.

पहिला प्रयत्न फसला, तो माझ्या कंजूषपणानं. रायपूर म्हणजे राइस मिल आणि लोखंडाचे कारखाने. बॉयलरसाठीच्या गोळ्या इथं स्वस्त मिळतात. पोतंभर आणल्या. त्यात धानाचं टरफल होतं. टरफलात सिलिका भरपूर असते, राख जवळजवळ पाचवा हिस्सा. दोन तासांत अग्निपात्र राखेनं भरलं, आग गुदमरली, पांढरा दाट धूर सुटला आणि कोंबडी कडू झाली. वर एक गंभीर गोष्ट: बॉयलरच्या गोळ्यांत प्लायवूडचा डिंक लागलेला भुसा असू शकतो. त्यावर अन्न शिजवू नका, कधीच. खाण्याच्या गोळ्या फक्त लाकडाच्या असतात; दाब आणि उष्णतेनं लाकडातलं लिग्निन मऊ होऊन तेच बांधून ठेवतं, वेगळा डिंक लागत नाही. चवही त्या लिग्निनच्याच जळण्यातून येते.

दुसरा प्रयत्न जुलैत. गोळ्यांनी दमट हवा शोषली, फुगून पुन्हा भुसा झाल्या, दांडा अडकला. खुरपीनं पेटी रिकामी केली. आता गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतात आणि काम संपलं की पेटी रिकामी होते.

मग हळूहळू हात बसला. टेक्साससारखं ब्रिस्केट छत्तीसगडात कायद्यानंच नाही, म्हणून डुकराचा खांदा घेतो. मीठ आदल्या रात्री. मांस फ्रिजमधून काढून थेट आत, कारण धूर थंड आणि ओल्या पृष्ठभागावर जास्त धरतो. पंख्यामुळे या यंत्रात जळण इतकं स्वच्छ होतं की धूर कमीच असतो. म्हणून पहिले दोन तास आच कमी ठेवायची, मग ११० अंशांवर न्यायची. धूर विरळ, निळसर दिसला पाहिजे. मांसाच्या आतलं तापमान ६५-७० अंशांवर आलं की तासन् तास हलत नाही. पहिल्यांदा मला वाटलं यंत्र बिघडलं. तसं नसतं. मांसातून पाणी उडत असतं आणि ते घामासारखं मांसाला थंड ठेवतं. घाबरून आच वाढवायची नाही. हवं तर केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळा, उडणं थांबतं. आतून ९३-९५ अंश झाले, कोलॅजन विरघळलं, की सळई लोण्यात जावी तशी जाते. पण लक्षात ठेवा, हे शिजवलेलं मांस आहे, टिकवलेलं नाही. उरलं तर दोन तासांत फ्रिजमध्ये.

परवा अकरा तासांनंतर खांदा उतरवला, तेव्हा पहिल्यांदा तो मनासारखा जमला होता. त्या जवानाचा नंबर मी युनिटच्या जुन्या मंडळींकडून मिळवला होता. तो सुभेदार होऊन निवृत्त झाला, आता गावी असतो. फोन केला. आधी १९८६ची ट्रंक, मग माफी. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "साहब, माँ को मैंने बोला था कि सबने मिलकर खाया." आई २००३मध्ये गेली, हेही सांगितलं. मी त्याला खांद्याचा फोटो पाठवला, बाहेरून काळा, आत गुलाबी कडा. त्यानं विचारलं, किती दिवस धुरावर ठेवलं? मी म्हटलं, अकरा तास. तो मोठ्यानं हसला.

"साहब, ये तो अभी कच्चा है. इसको चूल्हे के ऊपर टाँगिए. बरसात के बाद बताइए."