काकीनाडा ते मुंडारा: वैनगंगेच्या वाटेनं कोण गेलं, काय गेलं

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

येत्या हिवाळ्यात सायकलनं समुद्रापासून सातपुड्यापर्यंत जायचं, असं आम्ही चौघांनी ठरवलंय. भंडाऱ्याच्या माणसाला समुद्र म्हटला की मुंबईच आठवते. शाळेची सहल, मंत्रालयातलं काम, टाटाचं हॉस्पिटल, सगळं तिकडेच. आम्हीही आधी मुंबईचाच विचार करत होतो. मग आमच्यातला एक म्हणाला, "अरे, आपल्या नदीचं पाणी कुठं मुंबईला जाते? पाणी जिकडं जाते, तिकडूनच उलटं येऊ ना."

खरंच की. भंडाऱ्याच्या पुलाखालून गेलेली वैनगंगा पवनी, वडसा, मार्कंडा करत चपराळ्याजवळ वर्धेला मिळते. दोघी मिळून प्राणहिता होतात. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. दुसरं टोक सिवनी जिल्ह्यात, सातपुड्यातल्या मुंडारा गावात. तिथं वैनगंगा उगम पावते आणि सिवनीला अर्धा वळसा घालून बालाघाटमार्गे आपल्याकडे उतरते.

मग कागदावर मुक्काम मांडले. काकीनाडा, राजमहेंद्री, भद्राचलम, दुम्मागुडेम, कालेश्वरम, सिरोंचा, आलापल्ली, चामोर्शी, गडचिरोली, वडसा, लाखांदूर, पवनी, भंडारा, तुमसर, कटंगी, मुंडारा. हजाराच्या आतबाहेर किलोमीटर. दिवसाला सत्तर धरले तर पंधरा दिवस. आपण काहीतरी भन्नाट शोधून काढलं, अशा थाटात आम्ही दोन दिवस फिरलो.

तिसऱ्या दिवशी जुने गॅझेटियर चाळताना कळलं की हा मार्ग आमच्या आधी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी आखून झालाय. इंग्रजांनी आखला होता. सायकलसाठी अर्थातच नाही.

गोष्ट अशी. गोदावरीच्या तोंडाशी धवळेश्वरमला आर्थर कॉटन नावाच्या इंजिनिअरनं मोठा बंधारा बांधला. तो १८५२ मध्ये पूर्ण झाला. याच कॉटनच्या डोक्यात होतं की नदीवरून आगबोटी थेट वरपर्यंत, मध्य भारताच्या पोटात न्यायच्या. त्यासाठी कॅप्टन हेग या अधिकाऱ्यानं नदीची पाहणी करून १८५६ मध्ये अहवाल दिला. मधल्या काळात १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालेलं होतं, म्हणजे भंडारा, चांदा हा सगळा मुलूख कंपनीच्या हातात आलेला. वर्धा खोऱ्यातला कापूस, वैनगंगा खोऱ्यातलं धान्य, अहेरीच्या जंगलातलं सागवान बोटीत घालायचं आणि समुद्रावर न्यायचं. कापूस न्यायची कल्पना काढणाऱ्याचं आडनावच कॉटन, हा आपला योगायोग.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. हिंगणघाटच्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला आणि ही योजना इंग्लंडपर्यंत गाजली. १८६० मध्ये निजामाशी तह करून गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख घेतला गेला आणि नदीवरची जकात उठवली गेली. 'अप्पर गोदावरी' नावाचा नवा जिल्हाच तयार झाला. त्याचं मुख्यालय सिरोंचा! आज ज्या सिरोंच्यात बदली झाली की साहेब लोक रजा टाकतात, ते गाव तेव्हा एका मोठ्या व्यापारी स्वप्नाचं ठाणं होतं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्याचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीही ही योजना उचलून धरली.

अडचण होती खडकांची. नदीच्या पात्रात तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. तिथे बंधारे, बाजूनं कालवे आणि पाणी चढवायला-उतरवायला दरवाजे बांधायचे होते. जंगलातल्या तापानं माणसं आजारी पडत, मजूर टिकत नसत. खर्च वाढत गेला. आणि एवढं करून नदी बोटीला कामाची होणार वर्षातले काही महिनेच, पाणी असेपर्यंत.

तेवढ्यात १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी नागपुरात पोचली. कापूस बारा महिने, भराभर मुंबईला जायला लागला. १८७१ मध्ये सरकारनं गोदावरीचं काम बंद केलं. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही मोडून चांद्याला जोडला. दुम्मागुडेमचा जुना बंधारा मात्र अजून आहे. आमच्या सायकलीच्या कागदावर तो चौथ्या मुक्कामाला येतो.

हे वाचल्यावर आमचा तोरा उतरला आणि दुसराच विचार सुरू झाला. त्या आखणीत प्रत्येक मैलाचा हिशोब आहे. खडक किती, पाणी किती, कापसाचे गठ्ठे किती, भाडं किती पडेल. पण काठावरची माणसं दिसतात ती दोनच रूपांत: मजूर, नाहीतर मजूर मिळत नाहीत ही तक्रार. डोंग्यातून हीच नदी पिढ्यान्‌पिढ्या वापरणारा ढिवर, किनाऱ्यावरून बैलांच्या पाठीवर मीठ आणणारा बंजारा, जंगलातला माडिया आणि कोया, यांना कुठं जायचंय हे कुणी विचारलेलं नाही. प्रश्न एकच होता: इथून बाहेर काय नेता येईल?

आणि हा मार्ग इंग्रजांनी शोधला असंही नाही. पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखाली मौर्य-सातवाहन काळातला मोठा स्तूप निघाला. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठावर एवढं मोठं गाव उभं राहतं, ते आडवाटेवर नाही राहत. तिथं भिक्खू येत होते, व्यापारी येत होते, दान देणारे लोक होते. ती येण्या-जाण्याची वाट होती.

नंतर काय झालं बघा. १८८० च्या सुमारास नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे निघाली, तिकडचं धान्य आणायला. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर कंपनी आली आणि मार्ग कलकत्त्याकडे जोडला गेला. तुमसरला धानाची बाजारपेठ झाली. जिल्ह्याच्या गावाला मात्र स्टेशन मिळालं ते दहा-बारा किलोमीटरवर, वरठीला. नावच 'भंडारा रोड'. म्हणजे भंडाऱ्याकडे जाणारा रस्ता इथून आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा. माझ्या आजोबांच्या पिढीनं ते अंतर सायकलनं काढलंय, मागं कॅरिअरवर ट्रंक बांधून.

तुमसरच्या वरच्या अंगाला चिखला, डोंगरी बुजुर्ग इथं मँगनीज सापडलं, तेही बाहेर गेलं. आता सुरजागडचं लोहखनिज निघतंय. सिरोंचा, आलापल्ली, आष्टी, चामोर्शी, गडचिरोली, वडसा, साकोली असा जो राष्ट्रीय महामार्ग ३५३ सी आहे, तो बहुतेक ठिकाणी कॉटनच्या नदीला समांतर चालतो. त्यातल्या आलापल्ली-आष्टीच्या टप्प्यात खनिजाच्या ट्रकांची रांग असते. आमच्या आखणीत हा टप्पा लाल शाईनं लिहिलाय: 'पहाटेच निघायचं, अंधार पडायच्या आत मुक्काम.' वाघाची भीती आहे, पण लाल शाई ट्रकांसाठी आहे.

मुक्काम पक्के करायला गेल्या महिन्यात आम्ही पवनीपर्यंत जाऊन आलो. नदीकाठी एक म्हातारे ढिवरबाबा जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांना विचारलं, "बाबाजी, पहिले नदीनं लोकं जात होते का?"

म्हणाले, "जात होते ना जी. लगनाची वरात डोंग्यानं नेली आमी. आता नदीच कुठं जाते? धरनात जाऊन थांबते."

ते गोसीखुर्दबद्दल बोलत होते. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं, तेव्हाचा अंदाज होता ३७२ कोटींचा. पुढं तो कित्येक पटींनी वाढला. गावं उठली, काठावरच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. धरणाचं पाणी धानाला मिळतंय, हेही खरंय आणि ते मी नाकारत नाही. पण कोणतं गाव आता कोणत्या गावापासून किती लांब पडलं, हा हिशोब धरणाच्या आखणीत कुठं होता? तो हिशोब सायकलवर बसलं की लगेच कळतो. नकाशावर समोर दिसणारं गाव वीस किलोमीटर फिरून येतं. मोटारीत बसलेल्या माणसाला ते वीस मिनिटं वाटतं.

एवढा इतिहास सांगायचं कारण आता सांगतो.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला. आता तो नागपूरपासून पुढं भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे वाढवायचा बेत आहे. म्हणजे आपल्या खोऱ्यात पुन्हा एकदा नकाशावर रेघा ओढल्या जात आहेत. रस्त्याला माझा विरोध नाही. गडचिरोलीचा पेशंट दोन तास आधी नागपूरला पोचत असेल तर त्या रस्त्याला माझा नमस्कार. पण समृद्धीवर सायकल चालत नाही. दुचाकीही चालत नाही. बैलबंडीचा तर प्रश्नच नाही. वेगाच्या रस्त्यावर तो नियम योग्यच आहे. प्रश्न असा, की त्या रस्त्यानं तोडलेल्या गावच्या वाटेचं काय? शेत या बाजूला आणि गाव त्या बाजूला झालं, तर ओलांडायला भुयारी रस्ता किती अंतरावर देणार? त्याच्यात पावसाळ्यात पाणी साचणार की नाही? शाळेत जाणारी पोरगी कुठून जाणार?

पोरीवरून आठवलं. मानव विकास कार्यक्रमात आपलंच शासन मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल देतं. फार चांगली योजना आहे. शाळा सुटायच्या वेळी खेड्यातल्या रस्त्यावर उभं राहून बघा, निळ्या गणवेशातल्या मुलींची रांग दिसेल. आणि तेच शासन चौपदरी रस्ता करताना त्या सायकलीला दोन हात रुंदीची पट्टी देत नाही. पांढऱ्या रेषेच्या बाहेर मुरूम, आत ट्रक. एका खात्यानं सायकल दिली, दुसऱ्या खात्यानं ती चालवायला जागा ठेवली नाही.

जागा ठेवता येत नाही असं नाही. आमच्या मार्गाच्या शेवटी सिवनी-नागपूर महामार्ग ४४ लागतो. त्यावर पेंचच्या जंगलात वाघ-हरणांना खालून जाता यावं म्हणून रस्ता पुलांवर उचलून घेतलाय. कॅमेऱ्यांत त्यांचे फोटो आलेत, वाघ खरोखर तिथून जातात. हे आपोआप नाही झालं. अभ्यासक भांडले, कोर्टात गेले, तेव्हा आखणी बदलली. वाघाची वाट मोजता येते, तर माणसाचीही येते. फक्त रेघ पक्की व्हायच्या आधी कुणीतरी विचारायला लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतल्या ज्या गावांतून नवा रस्ता जाणार आहे, त्यांनी ग्रामसभेत जमिनीच्या मोबदल्याबरोबर आणखी तीन गोष्टी ठरावात लिहाव्यात. एक, गावच्या आजच्या पायवाटा आणि पांदण रस्ते नकाशावर दाखवून मागा, प्रत्येक वाट कुठून ओलांडणार ते लिहून घ्या. दोन, सेवा रस्ता सलग मागा, तुकड्या-तुकड्यांत नको. तीन, नदीवर नवा पूल होणार असेल तर त्यावर पायी आणि सायकलनं जाणाऱ्यासाठी कठड्याआडची वेगळी जागा मागा. पूल एकदा झाला की पन्नास-शंभर वर्षं तसाच राहतो. नंतर पट्टी वाढवता येत नाही.

मोबदल्याचे पैसे एका पिढीत संपतात. वाट तुटली तर ती पुढच्या पिढ्यांनाही तुटलेलीच मिळते.

आम्ही डिसेंबरात निघतोय. कॉटनच्या बोटींना पावसाळा लागत होता, आमच्या सायकलींना कोरडा रस्ता. वाटेतल्या प्रत्येक गावात एकच प्रश्न विचारून लिहून आणणार आहोत: "तुम्हाला इथून कुठं जायचं असतं, आणि कसं जाता?" दीडशे वर्षांत या खोऱ्यात जेवढे नकाशे झाले, त्यात हा रकाना रिकामा आहे. चार सायकलवाल्यांनी तो भरणार नाही, हे कळतं. पण तुमच्या गावचं उत्तर तुम्ही खाली कॉमेंटमध्ये लिहू शकता. गावाचं नाव, जायचं कुठं, अंतर किती, मधे अडतं कुठं. एवढंच लिहा. परत आलो की सगळं एकत्र करून जिल्हाधिकारी कार्यालयात देऊ. आणि हो, लाखांदूर ते पवनी दरम्यान रात्री थांबायला एखादी शाळा किंवा समाजमंदिर असेल, तर तेही सांगा.