आडनावाचे गाव

कर्जतला कर्जतकर सापडायचा नाही, आणि खालापुरात खालापूरकराचा शोध घेणाऱ्याची पायपीट फुकट जायची. या दोन तालुक्यांत हजेरीपट वाचता वाचता माझी बरीच वर्षे गेली. त्या पटावर पाटील आले, म्हात्रे आले, भोईर, भगत, वाघमारे, हिलम, मुकणे, पारधी असे सगळे आले. कर्जतकर तेवढा कधी आला नाही. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. जिथे जो तो कर्जतचाच, तिथे एखाद्याला ‘कर्जतचा’ म्हणून ओळखणार तरी कसे? कर्जत सोडून पुण्यामुंबईला बिऱ्हाड केले, की मग शेजारी विचारतात, कुठले तुम्ही? आणि उत्तर मिळाले की तेच उत्तर ते नावापुढे चिकटवून टाकतात. तेव्हा ‘कर’ हा प्रत्यय माणूस गावात राहत असल्याची खूण नसून तो गावातून निघाल्याची खूण आहे. वेशीबाहेर पडल्यावर परक्याच्या तोंडून मिळालेली ती ओळख आहे.

मला कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन आहे. पात्राचे नाव चटकन सुचते. आडनावाशी मात्र लेखणी अडते. नाव आईबापांच्या हौसेचे असते. आडनावात गाव येते, धंदा येतो, कधी जात येते, आणि त्या घराण्याचे जगाशी काय नाते होते तेही येते. त्यामुळे आडनावाचा विचार करू लागले की इतिहासाच्या आडरानात शिरावेच लागते.

जुनी मराठी कागदपत्रे पाहिली तर माणसाची ओळख बहुधा चार गोष्टींनी दिलेली दिसते: त्याचे नाव, बापाचे नाव, हुद्दा आणि गाव. ‘अमुक बिन तमुक, मोकदम, मौजे अमुक’ एवढे लिहिले की काम भागे. गावात तर तेवढ्याचीही गरज नसे. घराघरांची ओळख पिढ्यानपिढ्यांची असे. आडनावे नव्हती असे नाही. परंतु प्रत्येकाला एकच, कायमचे, बापाकडून मुलाकडे जाणारे आडनाव असलेच पाहिजे हा हट्ट दप्तराचा आहे. इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी आली, कोर्टाची दप्तरे आली, शाळेचे पट आले. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर चढली आणि कर्जत घाटाच्या पायथ्याचे ठाणे झाले. तिच्याबरोबर पगारपट आले. बाळू, राघू, गोमा अशा एकाच नावाच्या दहा जणांतून एकाला निवडून काढायचे, तर कारकुनाला काहीतरी तिसरे नाव हवेच असते.

ज्यांच्या कारकुनीने आपल्याला हे वळण लावले, त्या इंग्रजांचीही गत निराळी नव्हती. त्यांच्याकडे स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, हिल म्हणजे टेकडीजवळ राहणारा. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचे पूर्वज उत्तर इंग्लंडातील वॉशिंग्टन नावाच्या गावी १२ व्या शतकात जमीन मिळवून राहिले व त्या गावावरून ओळखले जाऊ लागले. आपल्या भाषेत बोलायचे तर तो ‘वॉशिंग्टनकर’. गाव सुटले, मुलूख सुटला, वंशजाने त्याच मुलखाच्या राजाशी लढाईही केली. पण गावचे नाव सुटले नाही. आज ते एका राजधानीचे नाव आहे आणि मूळ खेडे कोणाला ठाऊकही नसते.

आमच्या खालापूर तालुक्यात चौक हे गाव आहे. हे नेताजी पालकराचे गाव म्हणून आम्ही मिरवतो. पालकर म्हणजे ‘पाल’चा. शिवाजी महाराजांचा हा सरनोबत १६६६ साली मोगलांकडे गेला. पुढे महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने त्याला कैद करविले, धर्म बदलायला लावला, मुहम्मद कुलीखान असे नाव दिले आणि काबूलच्या बाजूला पाठवून दिले. पुढे दिलेरखानाबरोबर तो दक्षिणेत आला, आणि १६७६ साली महाराजांनी त्याला शुद्ध करून पुन्हा आपल्यात घेतले. बादशहाने दिलेले नाव तो जवळजवळ दहा वर्षे वागवीत होता. लोकांनी मात्र ते नाव टाकून दिले आणि पालकर ठेवले. फर्मानाने दिलेले नाव फर्मानाची शाई वाळेपर्यंत. गावाने दिलेले नाव पिढ्या वाळवू शकत नाहीत.

या म्हणण्याचा याहून मोठा पुरावा घाटाखाली, आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आहे. १९८१ पर्यंत या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. आता तो रायगड आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. हे लोक कोकणातल्या खेड्यांतून पसरले. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे पाहा: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, राजपुरीचे राजपूरकर, वाकरूळचे वाकरूळकर, दिवेआगरचे दिवेकर. अशी शंभराहून अधिक गावे या समाजाच्या आडनावांत साठवलेली आहेत. १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेले. सामाजी हा सॅम्युएल, हसाजी हा एझिकिएल. आणि दिवेकर हा अस्सल कोकणी. एका माणसाच्या नावात केवढा प्रवास सामावला आहे! या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या हाईम सॅम्युएल केहिमकरांच्याही नावाची बांधणी तीच.

१९४८ साली इस्राएल स्वतंत्र झाले आणि त्यानंतर या समाजातील बहुतेक घरे तिकडे निघून गेली. तिथे त्यांच्यापुढे एक निराळेच संकट उभे राहिले. तिथल्या धर्मपीठाने १९६०नंतरच्या वर्षांत लग्नाच्या वेळी यांच्या वंशाची चौकशी मागितली: तुमच्या आईची आई कोण, तिची आई कोण? ज्यांनी शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांना आपण कोण हे कागदाने सिद्ध करा असे सांगण्यात आले. समाज रस्त्यावर उतरला आणि १९६४ साली तिथल्या सरकारने हे लोक सर्व अर्थांनी यहुदी असल्याचे जाहीर केले. आज वाळवंटाच्या कडेच्या त्या शहरांतून घरांच्या दारांवर कोकणातल्या खेड्यांची नावे आहेत. किहीमला केहिमकर उरला नाही तरी किहीम त्यांच्याबरोबर गेले.

सगळीच आडनावे गावची नसतात. काही हुद्द्याची असतात. आमच्या भागात ढीगभर पाटील आहेत. जुन्या ताम्रपटांत ‘पट्टकील’ असा शब्द येतो, त्याचाच पाटील झाला. गावचा पाटील एक घर असायचे. पण वतन वाटले गेले, भाऊबंद वाढले, आणि आज अर्धे गाव पाटील असते. पाटीलकीचे हे मुलकी वतन १९६२च्या कायद्याने, १ जानेवारी १९६३ पासून, सरकारने रद्द केले. कुलकर्णी वतन त्याआधीच, १९५१ साली गेले होते. हुद्दा गेला, मान गेला, आडनाव तेवढे राहिले. रिकाम्या म्यानासारखे म्हणा हवे तर!

पण म्यान नेहमीच रिकामे असते असेही नाही. माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात १९१२ साली विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. कोतवाल म्हणजे शहराचा बंदोबस्त ठेवणारा अधिकारी. पुढे पुढे गावकामगारांतला शेवटचा नोकर. आडनाव राज्याच्या चाकरीचे, आणि माणूस राज्य उलथायला निघालेला. वकिली शिकलेल्या भाई कोतवालांनी १९४२च्या लढ्यात आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडून कारखान्यांची वीज तोडली, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्यांच्याबरोबर हिराजी पाटील पडले; ते आमच्या कर्जत तालुक्यातील मानिवलीचे. एक कोतवाल आणि एक पाटील! सरकारी दप्तरातील दोन हुद्दे त्या पहाटे सरकारच्या विरुद्ध उभे होते. आडनाव माणूस घडवीत नाही. माणूसच आडनावाला अर्थ देतो.

आता जे सांगायचे ते थोडे अवघड आहे. वर सांगितलेली नावे ज्यांची होती त्यांना आपल्या नावाची किंमत ठाऊक होती. या डोंगरपट्ट्यात ठाकूर आणि कातकरी राहतात. त्यांची गोष्ट तशी नाही. ‘कातकरी’ हे नाव कातावरून पडले. खैराचा गाभा उकळून कात काढणे हा त्यांचा धंदा. जंगल सरकारजमा झाले, खैर तोडणे गुन्हा ठरले, धंदा गेला आणि नाव राहिले. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात त्यांची संख्या पावणेतीन लाखांहून अधिक होती. त्यांच्यात वाघमारे, हिलम, मुकणे आहेत, तसे पवार आणि जाधवही आहेत. आता पवार म्हटल्यावर हा मुलगा कातकरी की मराठा, हे कागद कसे सांगणार?

ठाकुरांचे तर त्याहून विचित्र आहे. कर्जतच्या डोंगरात ठाकूर ही जमात आहे. उरण-पनवेलकडे आगरी घराण्यांत ठाकूर हे आडनाव आहे. खानदेशात ठाकूर म्हणवणारे आणखी निराळेच आहेत. १९५६च्या अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर जमात ठराविक तालुक्यांपुरती मानली होती, आणि त्यांत कर्जत, खालापूर व माथेरान ही नावे होती. डोंगराच्या एका बाजूचा ठाकूर आदिवासी आणि दुसरीकडचा नव्हे, असा तो न्याय होता. १९७६च्या कायद्याने ही तालुक्यांची मर्यादा उठली. मर्यादा उठली आणि पुराव्याचा प्रश्न उभा राहिला. जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा कागद मागतात. ज्यांच्या आज्याने कधी शाळा पाहिली नाही, ज्यांचे झोपडे ज्या जागेवर आहे ती जागाही बहुधा दुसऱ्याच्या नावावर, त्यांनी तो कागद आणायचा कुठून?

अशा वेळी शाळेचे जनरल रजिस्टर हाच एक आधार असतो. नाव, आडनाव, जात, जन्मस्थळ असे त्याचे रकाने. नाव दाखल करताना बाप बहुधा वीटभट्टीवर गेलेला असतो. आई किंवा आजी मुलाचे बोट धरून येते. ती जे बोलते ते तिच्या बोलीत बोलते आणि लिहिणारा आपल्या भाषेत लिहितो. कुठे आडनावाच्या जागी जमात पडते, कुठे जमातीच्या जागी आडनाव. वीस वर्षांनी तो मुलगा दाखला काढायला कचेरीत जातो तेव्हा त्या एका रकान्यावर त्याची नोकरी, वसतिगृह, सगळे अडून बसते. शाळेच्या रकान्यात काय घडू शकते हे महाराष्ट्राला नवे सांगायला नको. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे सकपाळ हे घराणे. पण ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव पडले ते भिवा रामजी आंबेडकर. तो रकाना आज सर्व देशाला पाठ आहे. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही लिहायचे असा सरकारचा नियम आहे. म्हणजे रकाने बदलता येतात. बदलावे असे वाटले पाहिजे.

१९ जुलै २०२३च्या रात्री चौकच्या वरच्या अंगाला इर्शाळगडाचा कडा कोसळला आणि पायथ्याची इर्शाळवाडी गाडली गेली. ठाकुरांची वस्ती होती ती. वाडीतील लोकांची संख्या २२८ सांगितली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले, आणि शोध थांबला. त्या चार दिवसांत सगळे काम याद्यांवर चालले होते. कोण वाडीत होते, कोण आश्रमशाळेत होते, कोण मासळीला गेले होते, हे नावानिशी मोजावे लागले. ज्यांची नावे एरवी कोणी नीट लिहिली नव्हती, ती त्या दिवशी राज्यभरच्या वर्तमानपत्रांत आली.

किहीम किनाऱ्यावर अजून आहे आणि केहिमकरही आहेत. इर्शाळवाडी डोंगरावर राहिली नाही, आणि इर्शाळवाडीकर असे आडनाव कोणी लावीत नाही. ठाकुरांत गावावरून आडनाव घेण्याची चाल नाही. मग ती वाडी राहील कशात? जी मुले वाचली त्यांच्या जन्मस्थळाच्या रकान्यात. एवढीच जागा तिला उरली आहे. कधी तिथे नुसते ‘चौक’ लिहून भागविण्याचा मोह होईल, कारण रकाना अरुंद असतो. माझ्या धंद्यातल्या मंडळींना माझे एवढेच सांगणे आहे, की त्या मुलाचे नाव त्याच्या माणसाला दोनदा विचारून घ्या, जमात जमातीच्या जागी लिहा, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात अक्षर बारीक काढावे लागले तरी इर्शाळवाडी पूर्ण लिहा.