चायना ग्रास आणि विषाणू

आमचा भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. समुद्र कुठल्या कुठे! तरी तो आमच्या स्वयंपाकघरात होताच, चायना ग्रासच्या रूपाने. मावशी ते दुधात उकळून थाळीत ओतायची आणि वड्या पाडायची. चायना ग्रास म्हणजे अगर, लाल समुद्री शेवाळातून काढलेलं.

२०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मावशीचा फोन आला. "शेवाळाच्या गोळ्यांनी कोरोना होत नाही म्हणतेत. घेऊ का गा?"

मला उत्तर देता आलं नाही. मग वाचत गेलो.

गोष्ट जुनी निघाली. १९५८ साली गर्बर आणि सहकाऱ्यांनी जेलिडियम या लाल शेवाळातल्या बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वापरून पाहिल्या. गालगुंडाचा आणि इन्फ्लुएंझा बी चा विषाणू रोखला गेला. गंमत म्हणजे अगरही जेलिडियमपासूनच करतात! १९६४ मध्ये हेपारिनने (तेच, रक्त गोठू न देणारं) नागिणीच्या नात्यातला हर्पीस सिम्प्लेक्स अडवला. दोन्ही साखळ्यांवर सल्फेट, म्हणून ऋण भार. कारण कळलं १९८९ मध्ये. हा विषाणू पेशीवरच्या हेपारान सल्फेटला आधी धरतो. बाहेर तशीच साखळी मिळाली, की तिलाच चिकटून बसतो.

मग अडलं कुठे? माणसांत. शेवाळातल्या कॅराजीननचं 'कॅरागार्ड' हे जेल एचआयव्ही रोखण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत ६,२०२ स्त्रियांवर तपासलं. २००८ चा निकाल असा: जेलच्या गटात १३४ जणींना लागण, बिनऔषधी जेलच्या गटात १५१. फरक नगण्य. शिवाय जेल निम्म्याहून कमी वेळा वापरलं गेलं होतं. याच घराण्यातल्या, पण कारखान्यात बनवलेल्या सेल्युलोज सल्फेटची चाचणी आपल्या शेजारच्या बागलकोटातही चालू होती. लागण उलट वाढतेय की काय, या शंकेने ती जानेवारी २००७ मध्ये थांबवली.

आशा अगदीच संपली नाही. अर्जेंटिनात ३९४ आरोग्य कर्मचाऱ्यांना नाकात मारायचे फवारे दिले. कॅराजीननवाल्या १९६ पैकी २ जणांना कोरोना झाला, बाकी १९८ पैकी १० जणांना. पण ही एकच, लहानशी चाचणी. आणि तो फवारा नाकात, विषाणूच्या वाटेवरच बसतो. गिळलेली साखळी आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही.

हे सगळं मावशीला सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे वड्याच बऱ्या."

असो. वड्या बऱ्याच!