टक्केवारीवर विसंबू नका

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये दवाखाने, कोचिंग क्लास, शाळा, दुकाने यांचे सर्व्हर सांभाळताना एक मत सर्रास कानी पडते. डिस्कच्या जागेची रोजची नोंद आणि आलेख कशाला? ऐंशी टक्के भरली की अलर्ट येतोच. मग जुने काही काढून टाकू, नाहीतर नवी डिस्क आणू. कामात तरबेज असलेली माणसेच हे म्हणतात, म्हणून ते नीट मांडून नीट खोडले पाहिजे.

या पक्षाचे तीन मुद्दे आहेत. पहिला, डिस्क आता स्वस्त आहे. १९५६ मध्ये, भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत असताना, आयबीएमने ‘रॅमॅक’ ही पहिली डिस्क बाजारात आणली. पन्नास तबकड्यांच्या त्या अवजड यंत्रात जेमतेम पन्नास लाख अक्षरे मावत. आज खिशातल्या फोनमध्ये त्याच्या हजारो पट जागा असते. दुसरा मुद्दा असा की अलर्ट सोपा असतो, तो सगळ्यांना कळतो. आणि तिसरा, वाढ सरळ रेषेत होत नाही, म्हणून भाकिते चुकतात आणि आलेख फक्त साहेबांना दाखवण्यापुरते उरतात. तिन्हींत तथ्य आहे. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

टक्केवारी जागा सांगते, वेळ सांगत नाही. समजा, दोन सर्व्हर आहेत आणि दोघांची डिस्क दोन टेराबाइटची आहे. पहिला ८५ टक्के भरला आहे आणि रोज एक जीबीने वाढतो. त्याच्याकडे ३०० जीबी, म्हणजे ३०० दिवस शिल्लक आहेत. दुसरा ६० टक्केच भरला आहे, पण रोज २० जीबी खातो. त्याच्याकडे ४० दिवस आहेत. ऐंशी टक्क्यांचा अलर्ट पहिल्यावर रोज बोंब मारतो आणि दुसऱ्यावर वीस दिवस गप्प बसतो. दुसऱ्याचा अलर्ट वाजतो तेव्हा हातात वीस दिवस उरतात. कोटेशन, मंजुरी, निविदा, पुरवठा आणि बसवणी यांना ज्या संस्थेत दीड महिना लागतो, तिथे हा अलर्ट उशिराच आलेला असतो. शिवाय विनाकारण वाजणाऱ्या पहिल्या अलर्टकडे माणसे दुर्लक्ष करायला शिकतात, ते वेगळेच.

याहून गंभीर प्रकार म्हणजे जागा कधीच न संपणारी डिस्क. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहितो. दोन मेगाबिट प्रतिसेकंद दराचे सोळा कॅमेरे रोज सुमारे ३४५ जीबी साठवतात. वीस टेराबाइटच्या डिस्कवर त्यांचे ५८ दिवसांचे चित्रण राहते. कोणीतरी चित्र स्पष्ट यावे म्हणून दर चार मेगाबिट केला की तेच चित्रण २९ दिवसांवर येते. डिस्क आधीही शंभर टक्के भरलेली होती, आताही तेवढीच भरलेली आहे. टक्केवारीत फरक शून्य, आणि हातातून गेला एक महिना. चोरीची तक्रार पाचव्या आठवड्यात आली, की चित्रण नाही हे तेव्हा कळते.

लॉगचेही तेच. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, ‘सर्ट-इन’च्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्था यांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायचे आहेत. जागा वाचवण्यासाठी लॉग लवकर पुसण्याची सोय लावली असेल, तर डिस्क साठ टक्क्यांवर निवांत दिसते, फलक हिरवा राहतो आणि हातात चाळीसच दिवसांचे लॉग असतात. इथे किती दिवसांचे उरले हे मोजणारा अहवाल नसेल, तर कोणताही अलर्ट वाजणार नाही.

‘अलर्ट आला की काढून टाकू’ हा भरवसा किती पोकळ आहे, हे टोयोटा कंपनीच्या प्रकरणात दिसले. २९ ऑगस्ट २०२३ रोजी जपानमधले तिचे चौदाही कारखाने थांबले. सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या सर्व्हरवर दोन दिवस आधी देखभालीचे काम झाले होते. साठलेली माहिती काढून नीट लावताना डिस्कची जागा अपुरी पडली आणि यंत्रणा बंद पडली. पर्यायी सर्व्हर त्याच प्रणालीवर होते, म्हणून तेही त्याच कारणाने अडकले. म्हणजे जागा मोकळी करायलाही जागा लागते. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये लाखो ओळी पुसल्या तरी ती जागा सहसा ऑपरेटिंग सिस्टीमला लगेच परत मिळत नाही. ती मिळवायची तर अख्ख्या तक्त्याची नवी प्रत मावेल एवढी मोकळी जागा आधी हवी. पोलाद कारखान्यावर जगणाऱ्या गावाला, एका डिस्कपायी चौदा कारखाने थांबले याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

स्वस्ताईचा मुद्दाही पुरता टिकत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमधल्या पुरात हार्डडिस्कचे मोठे कारखाने बुडाले आणि जगभर किमती भडकल्या. त्या वेळी ज्यांना पुढच्या सहा महिन्यांची गरज माहीत होती त्यांनाच काय टाळता येईल आणि काय नाही हे ठरवता आले. क्लाउडचेही तसेच. तिथे डिस्क क्षणात मोठी करता येते, पण मोठ्या पुरवठादारांकडे एकदा वाढवलेली डिस्क लहान करता येत नाही. नोंद न ठेवता वाढवलेली प्रत्येक जागा दर महिन्याच्या बिलात येत राहते.

राहिला भाकिताचा प्रश्न. त्याचे उत्तर पाण्याच्या साठवणीकडे पाहून मिळते. भिलाईच्या कारखान्याला आणि वसाहतीला मरोदा जलाशयातून पाणी मिळते, आणि त्यात पाणी येते ते १९२१ मध्ये पूर्ण झालेल्या तांदुळा धरणासारख्या साठ्यांतून. पाऊस सरळ रेषेत पडत नाही, म्हणून पाटबंधारे खात्याचा अभियंता पातळीची नोंद सोडून देत नाही. पाऊस बेभरवशाचा, म्हणूनच तो ती अधिक काटेकोरपणे ठेवतो. आवक आणि मागणी यांच्या एकत्रित आलेखावरून साठा ठरवण्याची पद्धत रिपल याने १८८३ मध्ये मांडली. नाईलच्या नोंदींवर अनेक वर्षे घालवलेल्या हर्स्टने १९५१ मध्ये दाखवले की ओली वर्षे आणि कोरडी वर्षे गटागटाने येतात, म्हणून सरासरीवर आखलेला साठा तोकडा पडतो. पुढे १९९४ मध्ये लेलँड, ताक्कू, विलिंजर आणि विल्सन यांनी संगणकांच्या जाळ्यावरील वाहतुकीतही हाच स्वभाव असल्याचे सिद्ध केले. अनिश्चिततेवरचा इलाज लांब पल्ल्याची नोंद हाच आहे, हे पाण्याने शिकवले आणि जाळ्याने ते खरे ठरवले.

मग चांगला अहवाल कसा असावा? प्रत्येक फाइलसिस्टीमची स्वतंत्र ओळ हवी. सगळ्या डिस्क एकत्र करून काढलेली बेरीज भरलेली डिस्क झाकते. ओळीत वापरलेली जागा, तीस दिवसांची वाढ, सहा महिन्यांची वाढ, उरलेले दिवस आणि त्या माहितीची जबाबदारी कोणाची, एवढे असावे. दोन वाढींत मोठी तफावत असेल तर तिचे कारण शोधावे. प्रवेशाचा हंगाम, मार्चअखेर, नवे सॉफ्टवेअर यांच्या उड्या आलेखावर तारखेसह लिहून ठेवाव्यात. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून पूर्ण क्षमतेपर्यंत असावा, नाहीतर किरकोळ चढही डोंगर दिसतो. आरआरडीटूलसारखी साधने जुन्या नोंदींची सरासरी काढतात आणि त्यात रात्रीच्या बॅकअपचे शिखर सपाट होते. म्हणून कमाल आकडाही साठवावा. आयनोडही, म्हणजे फाइलसिस्टीममधल्या प्रत्येक फाइलीच्या नोंदीही, मोजावेत, कारण लाखो बारीक फाइलींनी ते संपले की मोकळी जागा असूनही नवी फाइल बनत नाही. आणि अलर्ट ठेवायचाच, पण तो उरलेल्या दिवसांवर. प्रोमिथिअस या देखरेखीच्या साधनात असे भाकीत काढण्याची सोय आहे आणि ती फुकट आहे. खरेदीला पंचेचाळीस दिवस लागत असतील तर साठ दिवस उरले असताना वाजणारा अलर्ट कामाचा.

डिस्क किती भरली हा प्रश्न अपुरा आहे. ती केव्हा भरेल आणि तिच्यात किती दिवसांची माहिती राहील, हे दोन प्रश्न विचारले की अहवाल आणि आलेख टाळताच येत नाहीत. ज्यांच्याकडे सर्व्हर आहे त्यांना कळकळीची विनंती आहे: आज रात्रीपासून प्रत्येक डिस्कचा आकडा तारखेसह लिहून ठेवणारे चार ओळींचे स्क्रिप्ट सुरू करा. नवी डिस्क पुढेही विकत घेता येईल, पण न ठेवलेली नोंद नंतर कोणत्याही किमतीला मिळणार नाही.